फरशीतला बेस

खालच्या लीलाबाई दारात उभ्या राहून रडायला लागल्या, तेव्हा मला आधी रागच आला. भांडायला आलेल्या माणसानं भांडावं. मी तयार होते. गिटारचा पट्टा खांद्यावर, उजव्या हाताची बोटं वाजवून तापलेली, आणि जिभेवर दोन-चार शब्द असे की ह्या बिल्डिंगीत कुणी ऐकले नसतील. पण बाई रडत होत्या. ‘‘करुणा, ह्यांची छाती हालती गं,’’ म्हणाल्या. ह्यांची म्हणजे सावळारामतात्यांची. लासुर्ण्याचा ऊस पोराच्या हवाली करून, दवाखाना जवळ पाहिजे म्हणून हे दोघं बारामतीत आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले, आणि दिवाळीनंतर तात्यांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालेलं. ‘‘तुझं ते घुंग घुंग सुरू झालं की टाकं दुखत्यात म्हणत्यात. मी हात ठिवून बघितला, खरंच हालतीया छाती. वाजवू नको असं न्हाय म्हणत मी, पोरी. पण कायतरी कर.’’ मी ‘बरं काकू’ म्हणाले, त्यांना पाणी विचारलं, त्या नको म्हणाल्या, दार लावलं. तोंडातले शब्द तोंडातच राहिले.

‘‘का थांबलीस?’’ मागून दादा ओरडला. ओरडतोच तो. स्वतःचा आवाज त्याला कळत नाही. दादा म्हणजे माझा बाप, बुद्धघोष. इंदापूर तालुक्यात अजून लोक त्याला घोष मास्तर म्हणतात. बुद्ध-भीम गीतांच्या गायन पार्टीत ह्या माणसानं तीसेक वर्षं बेस गिटार वाजवली, आणि तितकीच वर्षं स्पीकरच्या थप्पीला चिकटून उभा राहिला, कारण त्याशिवाय वाजवल्यासारखं वाटतच नाही म्हणे. दोन्ही कान गेले. पार गेले. कानातलं मशीन आणून दिलं, तर गॅलरीतून खाली भिरकावलं. त्यातून म्हणे भांडी घासल्याचा आवाज येतो. आता त्याला ऐकू येतं ते एकाच वाटेनं, पायांतून. माझ्या बेसचा स्पीकर, चांगला बारदानाच्या पोत्याएवढा, त्याच्या लोखंडी खाटेसमोर फरशीवर असतो. मी वाजवायला लागले की तो चपला काढतो, दोन्ही पावलं फरशीवर सपाट टेकवतो आणि डोळे मिटून ऐकतो. खरंच ऐकतो. कुठलं गाणं, कितवं कडवं, सगळं ओळखतो, आणि मी कणभर मागं राहिले तर खाटेवरून हाळी येते, ‘‘मागं पडलीस!’’ दिवसभरात बाहेरच्या जगातून त्याच्यापर्यंत पोचणारी ही एवढीच गोष्ट. बाकी सगळं त्याच्यासाठी बंद.

आणि वाजवायला मला त्यानंच शिकवलं. कसं, ते सांगते. गिटारची वायर दुहेरी करून हातात धरायची. मी तेव्हा शाळेत, गिटार जवळजवळ माझ्याएवढीच, डाव्या हाताची बोटं पट्ट्यांवर पोचता पोचत नाहीत. मागं पडले की पोटरीवर एक वायर. पुढं पळाले तर दोन, कारण मागं पडणं म्हणजे अडाणीपणा आणि पुढं पळणं म्हणजे माज. वायरीच्या टोकाला जी पिन असते ती बसली की कातडी उघडायची. भर उन्हाळ्यात मी मोजे गुडघ्यापर्यंत ओढून शाळेत जायचे आणि मुली विचारायच्या, थंडी वाजती का गं? आता पार्टीतली पोरं म्हणतात, करुणाताईचा ठेका घड्याळासारखा आहे. घड्याळ कशाला म्हणता, माझ्या पोटऱ्या बघा म्हणावं. पण म्हणत नाही, हसते, चहा घेते.

कामावरून सुटल्यावर मी इंद्रजितच्या दुकानात गेले. एमआयडीसीतल्या कंपनीत मी तपासणी खात्यात आहे, दिवसभर नटबोल्ट डोळ्यांसमोर धरून त्यांतले वाकडे बाजूला काढायचे, वाजवणं संध्याकाळचं. एप्रिल जवळ आला होता. जयंतीचे कार्यक्रम एकदा सुरू झाले की आमच्याकडं पार पाऊस पडेपर्यंत चालतात, आज इंदापूर, उद्या पळसदेव, परवा आणखी कुठलीतरी वस्ती, आणि यंदा निम्मी गाणी नवी. घरी रोज हात बसवल्याशिवाय भागणार नव्हतं. इंद्रजित पूर्वी दादाच्याच पार्टीत कीबोर्डवर होता, आता वाद्यांचं दुकान चालवतो. त्याला सांगितलं, असं असं आहे, खाली पेशंट आहे, मला आवाजाशिवाय वाजवायचंय. ‘‘मग हेडफोन अँप घे की, नुसतं तुझ्या कानात वाजंल,’’ म्हणाला, आणि काउंटरवर एकेक डबी उघडत गेला. पहिली काडेपेटीएवढी, सरळ गिटारच्या भोकात बसणारी; पण ती साध्या गिटारसाठीची, तिच्यातून माझी जाडी तार कागद फडफडल्यासारखी यायची. दुसरी मोबाईलला जोडायची. तिच्यात तार आधी हलायची आणि आवाज मागून यायचा. अगदी जरासा, पण मागून. माझ्या पोटऱ्या आकसल्या. ‘‘हे काढ,’’ मी जवळजवळ ओरडलेच. बिनवायरचे हेडफोन तर त्याहून वाईट. मग त्यानं खास बेससाठीची एक काढली. ही पण गिटारलाच खोचायची, चार्ज करायची, मोबाईलवरचं गाणं सोबत ऐकायला एक बारीक भोक. मी तिच्यात माझे इअरफोन घातले आणि जाडी तार मोकळी सोडली. काय सांगू! डोक्याच्या आत, दोन कानांच्या मधोमध, कुणीतरी जड दार ओढावं तसा तो स्वर उठला आणि पुरा संपेपर्यंत एकटीच्या मालकीचा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी वाजवत होते आणि दुसऱ्या कुणाचा त्यात पाय नव्हता.

‘‘बाहेर काय येतंय का?’’ मी विचारलं. ‘‘तारंची टकटक. बाकी कायबी न्हाय.’’ ‘‘नक्की?’’ माझा विश्वास बसेना. गिटार त्याच्या हातात दिली आणि दुकानाच्या फरशीवर उकिडवी बसून तळहात टेकवला. ‘‘वाजव. जोरात वाजव.’’ त्यानं वाजवलं. त्याची बोटं तारांवर नाचताना मला दिसत होती आणि माझ्या तळहाताखाली फरशी गार, गप्प. तेव्हा मला कळलं की मी काय घेतेय. कळलं तसं पोटात काहीतरी गोड सुटलं, खूप दिवस उपाशी राहिल्यावर वासानंच तोंडाला पाणी सुटतं तसं. इंद्रजितनं मला तशी बसलेली बघितली आणि त्याची बोटं तारांवरच थांबली, कारण दादा कसा ऐकतो ते त्याला माहीत आहे. ‘‘मग मास्तरचं कसं?’’ म्हणाला. मी उठले. तोच पुढं म्हणाला, ‘‘एक यंत्र मिळतं बघ. ड्रम वाजवणारी लोकं खुर्चीखाली लावत्यात. आवाज न्हाय, नुसतं हादरं. खाटंला बसवता येईल, खाली पोचायचं न्हाय फारसं. पुण्यासनं मागवू का? आठ दिवसांत येतंय.’’ मी त्याच्याकडं बघितलं. बिचारा मनापासून सांगत होता. ‘‘नको,’’ म्हणाले. ‘‘दादांना आता आराम पाहिजे.’’ माझा आवाज मलाच इतका गोड वाटला की अंगावर काटा आला.

गाडीवरून घरी येताना मी आईला बघत होते. म्हणजे आई तिथं नव्हतीच, ती इंदापुरात मामाकडं असते, पण इंदापूर रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या चुकवत जाताना मला दिसत होता तो टेम्पो. वालचंदनगरच्या कॉलनीत दुपारचा कार्यक्रम झालेला. आई, विजयमाला, पार्टीची गायिका. क्वार्टरमधल्या कुणा साहेबानं तिचं एक गाणं परत म्हणायला लावलं आणि हार घातला, आणि ती हसली. इतकंच. टेम्पो गेटातून बाहेर पडला तसा दादा स्पीकरवरून उतरला, आईसमोर बसला आणि कोपरानं तिच्या तोंडावर मारलं. एकदाच. मोठा आवाज नाही, आरडाओरड नाही. टेम्पोत इंद्रजित होता, ऑक्टोपॅड वाजवणारा लखन होता. ते बाहेर ऊस बघत होते. आईनं तोंडातून दोन दात काढून तळहातावर ठेवले आणि ते कुणाला द्यायचे ते न कळून माझ्याकडं धरले. ते मी घेतले. त्यानंतर तिच्या ‘स’मधून हवा जायला लागली. बुद्धवंदनेतलं ‘सरणं’ म्हणताना माइकमध्ये शीळ वाजायची, आणि दादानं तिला पार्टीतून काढून टाकलं, वर गावभर सांगितलं की बाईचा सूर गेला. मला नोकरी लागली त्या महिन्यात ती मामाकडं निघून गेली. मी का राहिले म्हणून विचारू नका. बाप आहे, टाकणार कुठं? असं मी लोकांना सांगते, आणि ते मान हलवतात.

त्या संध्याकाळी मी सगळं नेहमीसारखं केलं. चहा केला. त्याला दिला. गिटार घेतली, खुर्चीवर बसले. डबी पलीकडच्या बाजूला खोचलेली, त्याला दिसण्यासारखी नव्हती, आणि त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू. इअरफोन तर माझ्या कानात कायमचेच, मोबाईलवरच्या गाण्याबरोबर वाजवायची मला सवयच आहे. स्पीकरचा लाल दिवा चालू राहिला होता, तो मात्र मी मुद्दाम नव्हता ठेवला. त्या दिवशी तरी नव्हता. मी वाजवायला लागले. दादानं चपला काढल्या, पावलं टेकवली, डोळे मिटले. मी वाट बघत होते की आता ओरडेल, ‘वाजव की’ म्हणेल, आणि मग मी मोबाईलवर मोठ्या अक्षरांत त्याला लिहून दाखवीन, आता असंच, खाली पेशंट आहे, तुला ऐकायला मिळणार नाही. ती अक्षरं मी मनात घोटून ठेवली होती. त्यानं डोळे उघडले. माझ्या बोटांकडं बघितलं. लाल दिव्याकडं बघितलं. मग खाली आपल्या पावलांकडं. पावलं उचलून परत टेकवली. सरकवून दुसऱ्या फरशीवर टेकवली. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं आणि माझी बोटं आपोआप चालत राहिली. गाणं संपलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘बरं वाजवलंस.’’

बरं वाजवलंस! आख्ख्या जन्मात हे तो मला कधी म्हणाला नव्हता. पळसदेवला हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा नाही, पहिल्या बिदागीतनं त्याला शर्ट आणला तेव्हा नाही. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. दादाला शुगर आहे, आणि शुगरच्या दवाखान्यात दरवेळी डॉक्टर त्याच्या पायाच्या अंगठ्यावर दोन शेपटांचा एक लोखंडी काटा आपटून धरतात. तो घुमतो. घुमणं जाणवायचं थांबलं की सांगायचं. दादा डोळे मिटून बसायचा आणि म्हणायचा, अजून हाय, अजून हाय, अजून हाय, आणि डॉक्टर हसायचे, म्हणायचे ह्यांचे पाय माझ्यापेक्षा तरुण आहेत. दादा बाहेर येऊन रांगेतल्या लोकांना ते सांगायचा. डॉक्टरांनीच समजावलं होतं आणि मीच मोबाईलवर लिहून दाखवलं होतं: शुगरमध्ये आधी पायाला थरथर कळायची बंद होते, दुखणं मागाहून जातं, आणि मग जखम झाली तरी पत्ता लागत नाही. लखनचं तसंच झालं. चपलेतला खिळा पायात घुसला तो त्याला दोन दिवस कळला नव्हता. गुडघ्याखाली पाय कापला आणि वर्षाच्या आत माणूस गेला. त्याच्या मातीला दादा सारखा स्वतःच्या पायांकडं बघत होता. म्हणजे हा आता समजतोय की मी वाजवतेय, स्पीकर वाजतोय, फरशी वाजतेय, आणि ह्याचे पाय मेले. आणि मला कळू नये म्हणून खोटं बोलतोय. मी लंगडा, बहिरा, दुसऱ्याच्या हातानं जगणारा बाप झालो तर ही मला टाकून देईल, असं वाटत असणार त्याला. टाकलंच असतं मी. आईच्यान् टाकलं असतं.

मोबाईल माझ्या मांडीवर होता. दोन ओळी लिहायच्या, बस. मी नाही लिहिल्या.

दुसऱ्या संध्याकाळी लाल दिवा मीच लावला. आणि तेव्हापासून रोज. तुम्हाला सांगते, इतकं चांगलं मी कधी वाजवलं नव्हतं. कानांच्या मधे तो जड, गोल स्वर, समोर खाटेवर तो पावलं टेकवून बसलेला, बोटांनी खाटेची कड धरलेली, आणि त्याला काही, काही म्हणजे काही मिळत नाही. मी मुद्दाम मागं पडायचे. आख्खी मात्रा सोडून द्यायचे. पोटऱ्या आकसायच्या, वाट बघायच्या, आणि खाटेवरून यायचं, ‘‘झकास.’’ मी तारांना न शिवता नुसती बोटं हलवली. ‘‘वा,’’ तो म्हणाला, ‘‘आता हात बसला.’’ माझ्या आत काहीतरी दात काढून हसत होतं. त्याच वेळी इतका संताप यायचा की गिटार मानेला धरून त्याच्या डोक्यात घालावी. म्हणजे चांगलं म्हणता येत होतं तुला! तोंडात होता शब्द! घाबरल्यावर निघतो होय! माझ्या पोटऱ्यांवरच्या रेघा अजून पांढऱ्या दिसतात आणि ह्याला ‘वा’ सापडायला स्वतःचे पाय मरावे लागले. मी अजून जोरात वाजवायचे, बोटाचा फोड फुटून तारेवर चिकट व्हायचं, आणि खाली सावळारामतात्या शांत झोपलेले असायचे. लीलाबाईंनी एका संध्याकाळी वाटीभर खीर आणून दिली. ‘‘लय उपकार झालं बघ तुझं,’’ म्हणाल्या.

दादा घरातही मोजे घालायला लागला. मला दिसलं. मी विचारलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल, निदान गप्प राहून मनात हसेल. कंपनीच्या मागच्या भिंतीला टेकून मी रंगवून सांगत होते, त्याचं पावलं सरकवणं, ‘झकास’ म्हणणं. आई मधेच म्हणाली, ‘‘सांग त्याला.’’ ‘स’मधून हवा गेली. ‘‘आत्ताच्या आत्ता घरी जा आन् सांग.’’ माझं डोकं फिरलं. ‘‘तुला त्याचा पुळका? तुझ्या दातांचं काय गं?’’ ‘‘माझं दात गेलं ते गेलं.’’ ‘‘मग जाऊ दे की त्याचे पाय!’’ पलीकडं मामाच्या घरात कुकरची शिट्टी झाली. ती थांबेपर्यंत आई थांबली. ‘‘करुणा, तू हसतीयास का गं बोलताना? टेम्पोतनं उतरल्यावर तो बी असाच हसत हुता. सगळ्यास्नी सांगत हुता, कसं तोंड झालं हिचं. मला त्येच्या पायाचं काय पडलं न्हाय, पोरी. मला तुझं पडलंय.’’ मी फोन कापला. त्या दिवशी बाजूला काढायचे वाकडे बोल्ट मी तसेच चांगल्यांत जाऊ दिले, आणि घरी जाऊन परत लाल दिवा लावला. तिला काय माहीत, मी म्हणत होते. मी काय कुणाच्या तोंडावर मारलंय? मी हातसुद्धा लावलेला नाही. मी फक्त हेडफोन लावून वाजवतेय, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा विचार करून.

रविवारी दुपारी मी ओट्याशी कांदा चिरत होते. अनवाणी. तर पायाखालची फरशी हादरली. धप्. मग परत, धप्. एका लयीत, मधे सारखं अंतर. मला वाटलं खाली काहीतरी ठोकतायत. पण तो हादरा बाहेरच्या खोलीतून येत होता. मी सुरी घेऊनच बाहेर गेले. दादा खाटेवर बसला होता, एक मोजा काढलेला, उजवं पाऊल फरशीवर पुढं ठेवलेलं, आणि हातात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता. तो वर उचलायचा आणि अंगठ्यावर आणायचा. धप्. अंगठा अंगठा राहिला नव्हता. नख दुभंगून उभं राहिलेलं, भोवतीचं मांस जांभळं-काळं, आणि त्यात जुनं रक्त, नवं रक्त. एका दुपारचं काम नव्हतं ते. मी कामावर गेले की रोज चाललेलं असणार. वास यायला लागला होता. त्यानं वर बघितलं, मला बघून बत्ता लपवायला गेला, पण लपवणार कुठं. मग एकदम त्याचं तोंड वाकडं झालं. ‘‘दुखतंय गं,’’ तो ओरडला, त्याच्या त्या बहिऱ्या, मोठ्या आवाजात, ‘‘मारलं की दुखतंय. मग वाजत का न्हाय? पाय गेलं माझं, करुणा. लखनागत झालं.’’

मी त्याच्या हातातून बत्ता ओढला. त्यानं सोडला नाही, मी मनगट पिरगाळलं तेव्हा सुटला. हातात धरला तर किती जड! क्षणभर, खरं सांगते, त्या दुसऱ्या, धड असलेल्या पायाकडं माझी नजर गेली. आणि माझ्या तोंडाचे कोपरे वर गेलेले मला जाणवले, जसे आईला फोनवरनं दिसले होते. मी बत्ता खाटेखाली फेकला. मोबाईल शोधत बसण्याइतका धीर माझ्यात नव्हता. गिटार उचलली, त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले, गिटार मांडीवर आडवी घेतली, आणि त्याचं ते फुटलेलं पाऊल दोन्ही हातांनी उचलून गिटारच्या लाकडावर ठेवलं, तारांच्या खालच्या अंगाला. तो मागं सरला. वाद्याला पाय लावायचा नाही, हे मला त्यानंच शिकवलं होतं, तेही वायरीनंच. मी पाऊल दाबून धरलं. कोपरानं दाबून ठेवून जाडी तार छेडली. इअरफोन माझ्या कानात नव्हते, त्यामुळं मला फक्त एक बारीक टक् ऐकू आलं. पण लाकूड माझ्या मांडीवर घुमलं, आणि त्याच्या टाचेत घुमलं. मी परत छेडली. परत.

त्याचे डोळे मिटले. ‘‘हाय,’’ तो म्हणाला. मग मोठ्यानं, ‘‘हाय, हाय, अजून हाय!’’ त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याच्या ध्यानात नव्हतं. मी वाजवत राहिले. मग त्यानं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, स्पीकरच्या लाल दिव्याकडं बघितलं, वाकून गिटारच्या पलीकडच्या बाजूला बघितलं, आणि त्या डबीवर बोट ठेवलं. मास्तर आहे तो. त्याला सांगावं लागलं नाही. ‘‘ह्याच्यातनं वाजवत हुतीस?’’ मी हो म्हणून मान हलवली. ‘‘पहिल्यापासनं?’’ मी मान हलवली. ‘‘मी पाय हुडकत हुतो ते बघत हुतीस?’’ मी मान हलवली आणि जबडा आवळून बसले. आता लाथ बसेल. त्याच पायाची बसेल, सरळ तोंडावर, आणि बसू दे, बसायलाच पाहिजे, म्हणजे हिशोब मिटेल, मी त्याची लेक आणि तो माझा बाप असं जुनंच सगळं परत जागेवर येईल. मी वाट बघत होते. माझं सगळं अंग वाट बघत होतं.

तो हसला. आधी नाकातून, मग पोटातून. पाय जिवंत आहेत म्हणून हसत असेल, मी म्हटलं, हसू दे. पण तो माझ्याकडं बघून हसत होता, डोळे बारीक करून, पार्टीतल्या नव्या पोरानं अवघड जागा घेतली की बघायचा तसा. त्या बघण्यासाठी मी माझं लहानपण घालवलं होतं. ते आता मिळत होतं, आणि असल्या छळासाठी मिळत होतं. माझा हात उठला. मी उठवला नाही, उठला, आणि त्याच्या गालावर बसला. आवाज खोलीभर झाला. त्याची मान एका बाजूला गेली आणि तिथंच राहिली. ह्या माणसाला आजवर कुणी मारलं नव्हतं. त्यानं गालावर हात ठेवला, थोडा वेळ चाचपला, आणि मान सरळ केली. डोळ्यांत राग नव्हता. मी शोधला, नव्हता.

‘‘मला वाटायचं तू आईवर गेलीस,’’ तो म्हणाला. ‘‘न्हाय. माझी हायस तू.’’

‘‘न्हाय,’’ मी म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘न्हाय!’’ मी घशाच्या शिरा ताणून ओरडले. खालच्या घरात कुणीतरी खुर्ची सरकवली. तो माझ्या ओठांकडं बघत होता, काय म्हणतेय ते कळत नव्हतं त्याला, आणि कळून घ्यायची गरजही वाटत नव्हती. नुसता मान डोलावत होता. त्याचा पाय माझ्या मांडीवर होता, रक्त गिटारवरून माझ्या कुडत्यावर उतरत होतं, आणि त्याला दवाखान्यात न्यायलाच पाहिजे होतं, आत्ता, उशीर न करता. मी ओढणी काढली. मधून फाडली. अंगठ्याभोवती गुंडाळायला लागले, एक वेढा, दुसरा वेढा. उजवा तळहात अजून चुरचुरत होता, त्यामुळं गाठ नीट बसेना.